वजावट

जिनिंगच्या मालकानं तडजोडीचे पैसे
माझ्या खात्यात टाकले, तिच्या नाही.
तिच्या पासबुकावर नाव चुकलं होतं, एवढंच कारण,
आणि मी त्या कारणावर हरकत घेतली नाही.
एरवी मी कशावरही हरकत घेतो.

दोन लाख दहा हजार.
फी ठरली होती पंचवीस, आली साडेचार.
उरलेली साडेवीस मी बँकेच्या पायऱ्या उतरतानाच कापली,
पोरीच्या वसतिगृहाला, गाडीच्या टायरला
वाटूनही टाकली.

नियम पाठ आहे मला.
प्रकरण संपलं, फी ठरलेली असली,
तर अशिलाच्या शिल्लक रकमेतून वळती करता येते,
हिशेब मात्र द्यावा लागतो.
हिंगणघाटच्या बाररूममध्ये हा नियम
'मात्र'च्या अलीकडे संपतो.
भोयर वकील तर म्हणतात,
अशील पैसे घेऊन एकदा एष्टीत बसला
की तो तुमचा कोणी नाही.
चहा पाजा, कापून घ्या, नमस्कार करा.

पंचफुला चाफले पोहण्याहून अकराच्या गाडीनं आली.
उजवा हात पदराखाली.
सहा वर्षं, त्रेचाळीस तारखा,
त्यातल्या एकोणीस वेळा साहेब रजेवर
आणि दोनदा मीच.
गुणवंत मुनशीनं कागद सरकवला, शाईची डबी उघडली.
बायकांचा उजवा अंगठा :
त्याचा हात सवयीनं तिकडे गेला
आणि टेबलाच्या वर, हवेतच, थांबला.
"सही करतो म्या," ती म्हणाली.
"डाव्यानं शिकली. तारखाच तारखा होत्या,
बसल्या बसल्या काय करू?"

कागदावर एक लाख एकोणनव्वद हजार पाचशे.
तिनं बोट ठेवून एकेक आकडा वाचला.
"वकीलसाब, कमी हायेत."
"फी वजा केली ना, बाई. ठरली होती आपली."
"ठरली होती. नाही देत म्हटलं का म्या?"
"मग?"
"मंग सारे माह्या हातात द्या न जी.
मी मोजून देतो तुमाले.
मशीननं नाही विचारलं कापताना.
तुमी त मानूस हाय ना."

गुणवंत पंख्याकडे बघत राहिला.
वीज नव्हती, पंखा बंदच होता.

पुन्हा बँक, पुन्हा टोकन, पुन्हा तोच कॅशियर
"विसरलं का काही साहेब" म्हणणारा.
पाचशेच्या चारशे वीस नोटा.
हा आकडा मी मोठ्यानं उच्चारला नाही.

उजव्या हाताच्या उरल्या दोन बोटांनी गठ्ठा दाबून
तिनं डाव्यानं मोजल्या.
मोजता मोजता दोनदा चुकली, दोनदा पहिल्यापासून.
बाहेर एक घटस्फोट आणि एक धुऱ्याचं भांडण
दाराशी ताटकळत होतं.
मग एक्केचाळीस नोटा वेगळ्या काढून
माझ्या पुढ्यात ठेवल्या, कडा जुळवून.

आणि पिशवीतून पोराची जुनी वही.
"तुरीची डाळ दिली ते नाही धरत. अंडे बी नाही.
ते मायेनं देल्लं.
पन दोन तारखेले तुमीच नोयते आले.
तीनशे रोजी बुडाली, दोन खेपा."
एक नोट तिनं परत उचलली.
"शंभर सुटे द्या."

एवढ्या वर्षांत माझ्या फीमधून
कोणी काही वजा केलं नव्हतं.
कलम शोधलं मी मनातल्या मनात. सापडलं नाही.
खरं तर फार शोधलंही नाही.

"आन् पावती."
धूळ झटकून पावतीपुस्तक काढलं.
वीस हजार पाचशे, वजा सहाशे.
'वजा'वर तिनं बोट ठेवलं, अक्षर लावून वाचलं,
मग घडी करून पावती पदराखाली, त्या हाताशी,
आणि दोनची गाडी गाठायला गेली.
चहा राहिलाच.

ते शंभर सुटे माझ्याकडे नव्हते.
गुणवंतच्या खिशातून घेतले.
त्याला द्यायचे आहेत अजून.